मदत हवी आहे: बेरीज जुळूनही ट्रस अस्थिर कसा?

नमस्कार. मी पुण्यात सिव्हिल अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. ट्रस म्हणजे सांध्यांनी जोडलेल्या दांड्यांचा सांगाडा. मेंबर (दांड्या) आणि आधारांच्या रिॲक्शन (आधार देतात ती बले) यांची बेरीज सांध्यांच्या दुपटीहून कमी आली तर ट्रस अस्थिर, जास्त आली तर इनडिटरमिनेट (केवळ समतोलाच्या समीकरणांनी न सुटणारा) आणि नेमकी तेवढीच आली तर प्रश्न मिटला, असे आमच्या वर्गातील टिपणांत आहे. माझा घोळ नेमका या तिसऱ्या ठिकाणी झाला आहे.

एका उदाहरणात ओळीने तीन चौरस पॅनेल आहेत. डाव्या पॅनेलमध्ये मध्यभागी न जोडलेले दोन्ही कर्ण, उजव्यात एक कर्ण, मधले पॅनेल मोकळे. डाव्या टोकाला हिंज (फिरू देणारा पण सरकू न देणारा आधार, 2 रिॲक्शन), उजव्या टोकाला रोलर (आडवा सरकू देणारा आधार, 1 रिॲक्शन). मेंबर 13, रिॲक्शन 3, सांधे 8, म्हणजे 16 ला 16. तरीही उत्तर ‘अस्थिर’ असे दिले आहे. ही छपाईची चूक असावी असे समजून मी अप्पा बळवंत चौकातून आइसक्रीमच्या काड्या आणि बोहरी आळीतून बारीक नट-बोल्ट आणून त्याची प्रतिकृती केली. खालच्या मधल्या दोन सांध्यांना अर्धा-अर्धा किलो साखरेच्या पिशव्या टांगल्या, तेव्हा ती व्यवस्थित उभी राहिली आणि, खोटे कशाला बोलू, पुस्तकाची चूक सापडल्याचा आनंदही झाला. उजवी पिशवी काढली मात्र, डावा सांधा खाली गेला, उजवा वर आला आणि मधला चौरस तिरपा होऊन बसला.

समान भाराखाली उभा राहणाऱ्या ट्रसला अस्थिर का म्हणायचे, आणि परीक्षेत काड्या जोडत बसता येणार नसल्याने हे केवळ आकृतीवरून कसे ओळखायचे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:
आपली मोजणी बरोबर आहे, पण ती अट आवश्यक असली तरी पुरेशी नाही. मधल्या पॅनेलमधून उभा छेद घ्या. त्यात दोनच मेंबर येतात, तेही आडवे, त्यामुळे शिअर (छेदाची एक बाजू दुसरीच्या तुलनेत वर-खाली सरकवू पाहणारे बल) घ्यायला तिथे कोणीच नाही. पिशव्या समान असताना त्या पॅनेलमधला शिअर शून्य होता, म्हणून प्रतिकृती तागडीसारखी तोलून राहिली (बोल्टांच्या घर्षणाचाही हातभार असेल). एक पिशवी निघताच तिथे उरलेल्या पिशवीच्या वजनाच्या एक तृतीयांश एवढा शिअर आला. इकडे डाव्या पॅनेलमध्ये एक मेंबर जादा आहे, आणि तो जादा मेंबर मधल्या पॅनेलची उणीव बेरजेत झाकून टाकतो.

आकृतीत आधी त्रिकोणांनी बांधलेले ताठ भाग ओळखा. असे दोन भाग जोडायला तीन मेंबर लागतात, आणि ते तिन्ही परस्परांना समांतर किंवा एकाच बिंदूतून जाणारे नसावेत. आधारांच्या 3 रिॲक्शननाही हाच नियम आहे. तरीही शंका राहिली, तर बाहेरचा भार शून्य धरून पाहा. डाव्या पॅनेलच्या दोन्ही कर्णांत 10 किलोन्यूटन ताण आणि चारही बाजूंत 7.07 किलोन्यूटन दाब कल्पिला, तर सगळे सांधे समतोलात राहतात. बेरीज नेमकी जुळलेल्या ट्रसमध्ये भाराविना अशी बले टिकू शकत असतील, तर तो अस्थिर समजावा.

धागाकर्ता:
मनःपूर्वक आभार. डावीकडच्या कर्णाची एक काडी काढून तीच मधल्या पॅनेलमध्ये बसवली. आता एकाच पिशवीवर दोन तास झाले, चौरस जागचा हललेला नाही.