पंपाच्या मॅन्युअलमधलं 'हेड' इटालियनमध्ये कसं लिहायचं?

मकरपुरा_पंप
नमस्कार मंडळी. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत बनणाऱ्या सेंट्रीफ्यूगल पंपाचं मॅन्युअल इंग्रजीतून इटालियनमध्ये करायचंय. 'हेड' तक्त्यात येतं, बोल्टपाशी येतं आणि डिझेल इंजिनच्या प्रकरणातही. मशीन भाषांतराने सरसकट 'तेस्ता', म्हणजे डोकं, घातलंय. फाइंड-रिप्लेस करून भागेल का?

शब्दपारखी
फाइंड-रिप्लेस अजिबात नको. पंप किती उंच पाणी चढवतो ते हेड, म्हणजे 'प्रेवालेंत्सा'. तक्त्यात 'तेस्ता' दिसलं की इटालियन इंजिनियरचा पुढच्या पानांवरचाही विश्वास उडतो. सिलिंडर हेड म्हणजे 'तेस्ताता'. 'तेस्ता' राहतं ते बोल्ट-स्क्रूच्या डोक्यापुरतं.

आधी इंग्रजी फाइलमधलं प्रत्येक 'हेड' शोधा आणि शेजारचं एकक बघा. मीटर किंवा फूट असेल तर बहुतेक प्रेवालेंत्साच. न्यूटन-मीटर दिसला तर जपून, तो टॉर्क, म्हणजे बोल्ट आवळायचा जोर आहे. फसगत होते ती इथे: 'बोल्ट हेड' म्हणजे 'तेस्ता देल बुल्लोने', पण 'हेड बोल्ट' म्हणजे सिलिंडर हेड आवळणारे बोल्ट, 'बुल्लोनी देल्ला तेस्ताता'. 'हेड लॉस' (पाइपातल्या घर्षणाने होणारी हेडची घट) मात्र सुटा करू नका, अख्खाच 'पेर्दिता दि कारिको' होतो.

गॅस्केट_ग्लँड
'सील'चंही तेच. शाफ्टवरचं मेकॅनिकल सील 'तेनूता मेकानिका', ऑइल सील 'पाराओलिओ', फ्लँजमधलं गॅस्केट 'ग्वार्नित्सिओने'. 'सिजिल्लो' आलं असेल तर काढा, तो शिक्का झाला. ग्लँड पॅकिंगला, म्हणजे गळती रोखायला शाफ्टभोवती गुंडाळतात त्या दोरीला, 'बादेर्ना' म्हणतात. तिथे 'इंबाल्लाज्जो' पडलं, तर स्पेअर्सच्या यादीत दोरीऐवजी माल भरायचं खोकं छापलं जाईल.

मकरपुरा_पंप
पॅकिंग आत्ताच तपासतो. तक्त्यातले आकडे तसेच ठेवले तर चालतील ना?

शब्दपारखी
नाही. इटलीत दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब. इंग्रजी तक्त्यातला २,९०० आरपीएम तसाच राहिला, तर तिथे तो तीनही भरत नाही. २.९०० करा, ३२.५ मीटरचं ३२,५.

आणखी एक. भाषांतरावर 'त्रादुत्सिओने देल्ले इस्त्रुत्सिओनी ओरिजिनाली' (मूळ सूचनांचं भाषांतर) ही ओळ हवी आणि मूळ इंग्रजी सूचना सोबत हव्यात. युरोपच्या मशिनरी डायरेक्टिव्ह २००६/४२ ची तशी अट आहे. २० जानेवारी २०२७ पासून त्याच्या जागी २०२३/१२३० हे रेग्युलेशन लागू होतंय. त्यानंतर जाणाऱ्या मालाच्या डिक्लरेशनवर, म्हणजे माल नियमांनुसार असल्याच्या घोषणापत्रावर, जुना क्रमांक राहू देऊ नका.