स्मार्ट मीटर चालू आहे, पण रीडिंग पोहोचत नाही

प्रश्न
आमचं मीटर तळघरात, लोखंडी पेटीत आहे. स्मार्ट मीटर बसवल्यावर रीडिंग आपोआप जायला हवं, पण बिल पुन्हा पुन्हा सरासरीनेच येतंय आणि ॲपमधला आलेख कोरा. मीटर बंद नाही. लाल दिवा लुकलुकतो, आकडा वाढतो. आजारपणात वडिलांचं ऑक्सिजनचं यंत्र रात्रंदिवस चालायचं. आता ते बरे झाले, यंत्र परत गेलं, वापर एकदम उतरला. सरासरी मात्र त्या दिवसांचीच लागतेय. मधल्या महिन्यांचं खरं रीडिंग कायमचं गेलं का?

प्रतिसाद 1
नाही गेलं. युनिट मोजणारा भाग वेगळा, ते पाठवणारा मॉडेम वेगळा. रेंज नसली तरी मोजणी चालूच राहते, आणि एकूण युनिटचा आकडा वीज गेली तरी पुसला जात नाही. दर 15 किंवा 30 मिनिटांच्या नोंदी मात्र मेमरी भरली की जुन्या पुसून नव्या बसतात, त्यामुळे आलेखाचा काही भाग कोराच राहू शकतो. सिमवरचं मीटर असेल तर तळघर आणि त्यात लोखंडी पेटी, रेंज मिळणं कठीणच. अँटेना पेटीबाहेर बसवून मागा. सीलला हात लावू नका.

प्रतिसाद 2
आधी शेजाऱ्यांना विचारा. काही मीटर एकमेकांमार्फत किंवा विजेच्या तारेवरूनच माहिती पुढे पाठवतात. शिवाय मीटरवरचा क्रमांक बिलाशी ताडून बघा. आमचं मीटर रीडिंग व्यवस्थित पाठवत होतं, पण नवा क्रमांक आमच्या खात्याला जोडलेलाच नव्हता!

प्रश्नकर्ता
क्रमांक जुळतो. वरच्या मजल्यावर मीटर असलेल्यांचं नीट जातंय, तळघरातल्या सगळ्यांचं अडलंय. डिस्प्लेवर आकडे फिरत राहतात, फोटो कशाचा काढू? आणि यंत्र परत केल्याची पावती जोडू का?

प्रतिसाद 1
मग बहुतेक रेंजच. 1.8.0 हा कोड दिसला की तो तुम्ही घेतलेल्या एकूण युनिटचा आकडा, 2.8.0 म्हणजे सोलरवाल्यांनी परत दिलेली वीज. कोड नसेल तर केडब्ल्यूएच लिहिलेला एकूण आकडा घ्या. फोटोत मीटर क्रमांक दिसू द्या. अँटेनासाठी सगळ्यांनी मिळून अर्ज द्या. बिलदुरुस्तीचा मात्र ज्याचा त्याने, कारण प्रत्येकाचं शेवटचं खरं रीडिंग वेगळं. पावती नक्की जोडा. वापर का उतरला हे कागदावर असलं की मीटरशी छेडछाड झाल्याची शंका कुणी घेणार नाही.