गोराईला जुनं कौलारू घर आणि मागे मोठी वाडी, घ्यावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही बोरिवली पश्चिमेला टू बीएचकेमध्ये राहतो, मी, नवरा, मुलगा आणि सासू-सासरे. खाडीपलीकडच्या गोराई गावात एक जुनं कौलारू घर विकायला आहे, ईस्ट इंडियन (मुंबईतले मूळचे ख्रिश्चन) कुटुंबाचं, पुढे ओटी, वर माळा, मागे विहीर, आंबा-फणस-माड आणि सगळं धरून साधारण 9 गुंठे म्हणजे 9800 स्क्वेअर फूट जागा. फ्लॅट विकून वर थोडं लोन काढलं तर जमतंय. सासऱ्यांचं सगळं आयुष्य कोकणातल्या मातीत गेलं आणि इथे ते ग्रिलमधल्या चार कुंड्यांना पाणी घालत बसतात, त्यामुळे मला मनापासून वाटतंय की हे व्हावं.

आता खरी अडचण. कागद बघितले तर घर आणि पुढचं अंगण गावठाणात आहे, त्याचं प्रॉपर्टी कार्ड आहे, टॅक्स पावत्या आहेत, तो भाग स्वच्छ दिसतोय. पण मागची वाडी, म्हणजे जिच्यासाठी आम्ही हे घेतोय तीच, 7/12 वर आहे आणि शेतजमीन म्हणून आहे, एनए (बिगरशेती) झालेली नाही. कूळ कायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही हे माहीत होतं, पण वकील म्हणाले की विकास आराखड्यात तो तुकडा रहिवासी झोनमध्ये असेल तर ती अट आड येत नाही, म्हणून झोन दाखला मागवायला सांगितलाय. तो हिरवा झोन, म्हणजे रहिवासी नसलेला, निघाला तर काय? सासऱ्यांचं नाव संगमेश्वरकडच्या 7/12 वर आहे, त्यांना शेतकरी दाखला मिळेल, पण मग वाडी त्यांच्या नावावर, घर आमच्या नावावर, पैसे सगळे आमचे, आणि उद्या दीर-नणंदेचा वारसाहक्क. घरात आज सगळं प्रेमाचं आहे आणि ते तसंच राहावं म्हणूनच मला हे आत्ता नीट करायचंय. नवऱ्याचं नाव त्या 7/12 वर अजून चढलेलं नाही, ते आधी चढवून घेतलं तर तो शेतकरी धरला जातो का, कुणी केलंय का असं?

बँकेने स्पष्ट सांगितलं की होम लोन घराच्या भागावरच मिळेल, शेतजमिनीवर नाही.

दुसरं म्हणजे सीआरझेड, म्हणजे समुद्र-खाडीकाठच्या बांधकामाचे नियम. खाडी जवळच आहे. सीआरझेडच्या ना विकास क्षेत्रात आलं तर असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुन्हा बांधणी होते पण असलेल्या चटईक्षेत्रातच, म्हणजे मुलासाठी पुढेमागे एक खोली वाढवायची म्हटलं तरी नाही. ब्रोकर सारखा म्हणतोय "मॅडम पुढे डेव्हलपमेंटला स्कोप आहे", त्यावर मी एक रुपयाही जास्त द्यायला तयार नाही, जागा आहे तशी राहणार असं धरूनच भाव ठरवणार.

घराचं म्हणाल तर वासे सागवानी आहेत, ठोकून बघितले, एका कोपऱ्यात वाळवी आहे. भिंती चुन्यातल्या आहेत पण खालून कमरेपर्यंत कुणीतरी सिमेंटचं प्लास्टर मारलंय आणि ओल आतच अडकून वर चढलीय. ते काढून परत चुन्याचा गिलावा करणारे गवंडी वसई-बोरिवली भागात कुणाला माहीत आहेत का? हे मला कळकळीने हवंय, कारण जो येतो तो पाडून आरसीसी करा म्हणतो.

विकणारी भावंडं आहेत, त्यातला एक भाऊ कॅनडात, तो पॉवर ऑफ अॅटर्नी पाठवणार. सीए म्हणाले त्याच्या हिश्श्यावर नेहमीचा 1 टक्का टीडीएस (घेणाऱ्याने रकमेतून कापून सरकारकडे भरायचा कर) चालत नाही, एनआरआयचा (परदेशात राहणाऱ्याचा) जास्त कापावा लागतो आणि नाही कापला तर घेणाऱ्याच्या गळ्यात. हे ब्रोकरने सांगितलंच नव्हतं. मालकीच्या कागदांचा 30 वर्षांचा सर्च आणि पेपरात जाहीर नोटीस हे करणारच आहोत.

आणि शेवटचं, सासूबाईंना हार्टचा त्रास आहे. दिवसा बोटीने खाडी ओलांडली की बोरिवली समोरच, पण रात्री बोट नाही, गाडीने उत्तन-भाईंदर फिरून यायचं. गोराई-मनोरीत राहणारे इथे कुणी असतील तर रात्री-बेरात्री, भर पावसात काय करता ते खरं खरं सांगा, आणि उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं का तेही.

सध्या आमचा विचार असा की झोन दाखला येईपर्यंत टोकनसुद्धा द्यायचं नाही. मालक मात्र म्हणतात दुसरी पार्टी तयार आहे. वाडी सोडून फक्त घर आणि अंगण घ्यायचं म्हटलं तर ते तयार आहेत, पण मग मागे उद्या कोण येईल आणि विहिरीवर आपला हक्क कागदावर कसा आणायचा? अशा जागेचा व्यवहार केलेल्या कुणीही कृपया लिहा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.