होम पोकर: ऑल-इननंतर परत रेझ चालतो का? (शनिवारच्या आत सांगा)

चौकटगुलाम: एकाने रेझ केला (बोली वाढवली), दुसरा ऑल-इन गेला (होत्या त्या सगळ्या चिप्स लावल्या), मी कॉल केला (तेवढेच भरले). तर पहिल्याने परत सगळं पुढे ढकललं! मी म्हटलं, असं चालत नाही. यजमान म्हणे, "आमच्याकडे चालतं." हातात दोन नव्व्या होत्या, पण टाकल्या. फ्लॉपला (मधल्या पहिल्या तीन पानांत) किलवर नव्वी. रात्रभर झोप नाही. कोण बरोबर?

निवांत_मी: आकडे कुठायत? ब्लाइंड्स (सुरुवातीची सक्तीची बोली), पहिला रेझ, ऑल-इन कितीचा? सगळं त्यावर आहे.

पणजीचा_पाव: मांडवीतल्या कसिनोच्या जहाजावर चिक्कार खेळलोय. ऑल-इन म्हणजे रेझच. सगळ्यांना परत संधी. विषय संपला.

चौकटगुलाम: ब्लाइंड्स २००-४००. रेझ १२००. ऑल-इन १७००. आता तरी सांगा.

निवांत_मी: तुम्ही बरोबर. ४०० चे १२०० केले, म्हणजे वाढ ८०० ची. पुढचा पूर्ण रेझ किमान २००० चा हवा. १७०० म्हणजे ५०० चीच वाढ. अपुऱ्या ऑल-इनने आधी खेळून झालेल्याला परत रेझ करता येत नाही. वरचे ५०० भरा नाहीतर पानं टाका. टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनच्या नियमांत हेच आहे.

पणजीचा_पाव: वाढ अर्धी किंवा जास्त असली की चालतं हो. ५०० हे ८०० च्या अर्ध्याहून जास्तच.

निवांत_मी: तो अर्ध्याचा नियम लिमिट पोकरचा, जिथे वाढ ठरलेली असते. नो-लिमिटमध्ये पूर्ण वाढ लागते. गुलामसाहेब, नो-लिमिटच ना?

चौकटगुलाम: मग काय! घरी लिमिट कोण खेळतं?

तिर्री: मुळात नव्व्यांवर नुसता कॉल का? तिथेच सगळं ढकलायचं होतंत.

चौकटगुलाम: ते विचारलं नाहीये.

आजीचा_बटवा: आमच्याकडे गणपतीच्या जागरणाला मेंढीकोट असतो. चार जण, एक हुकूम. भांडण झालं तर आपल्याच भिडूशी होतं, बाहेर जात नाही.

कलमबहाद्दर: पैसे लावता का? १८८७ चा मुंबई (आता महाराष्ट्र) जुगार प्रतिबंधक कायदा अजून आहे म्हटलं.

पणजीचा_पाव: म्हणून तर पणजी!

निवांत_मी: घरचा नियम असायला ना नाही, पण तो पानं वाटायच्या आधी सांगायचा. आमच्याकडे फ्रिजवर कागद चिकटवलाय: रीबाय (पैसे भरून परत चिप्स घेणं) ब्लाइंड्सच्या चौथ्या लेव्हलपर्यंत, बोली एकदाच पुढे सारायची, तुकड्यातुकड्याने चिप्स टाकायच्या नाहीत. आणि वाद झाला तर त्या हातात नसलेल्याने निकाल द्यायचा. तुमचा यजमान हातात होता का?

चौकटगुलाम: तेच तर. पहिला रेझ त्याचाच.

तिर्री: आँ! हे शेवटी सांगताय?

आजीचा_बटवा: म्हणजे चोर तोच, फौजदारही तोच.

निवांत_मी: मग अड्डा बदला. किंवा कागद छापून न्या आणि पहिला हात वाटायच्या आधी सगळ्यांसमोर वाचा.

चौकटगुलाम: अड्डा कसा बदलू, साडू आहे तो! बायकोने शनिवारच्या पुरणपोळ्या आधीच कबूल केल्यात. कागद छापतो. मराठीत कुणाकडे तयार आहे का?

आजीचा_बटवा: कटाची आमटी पण न्या.

पणजीचा_पाव: साडू बरोबर आहे पण. अर्ध्याहून जास्त होतं.