पावसाळ्यात कानाचं मशीन मध्येच बंद पडतं

प्रश्न: आईचं मशीन कानामागचं आहे, कानात बसणारा साचा आणि पारदर्शक नळीवालं. सेल 13 नंबरचा. पाऊस लागल्यापासून आवाज अचानक जातो, तासाभराने आपोआप येतो. नवा सेल घातला तरी तेच. दुरुस्तीला टाकावं का?

उत्तर 1: घाई नको. आधी नळी उजेडासमोर धरा. आत थेंब दिसला तर बहुधा मशीन ठीक आहे. कानातली उबदार, दमट हवा नळीत गार होते, थेंब साचतो आणि आवाज अडतो. साचा नळीसकट हुकापासून (मशीनचा कानावर अडकणारा वाकडा भाग) ओढून काढा आणि रबरी ब्लोअरने नळीच्या मोकळ्या टोकातून हवा मारा. तोंडाने फुंकू नका, उलट दमटपणा वाढतो. साचा धुवायचा तोही असा वेगळा काढूनच. कोमट पाणी, सौम्य साबण, आणि पूर्ण वाळल्यावरच जोडा.

उत्तर 2: रात्री सेलचं दार उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवा. सेल मात्र बाहेर! हा झिंक-एअर (हवेवर चालणारा) सेल त्या डबीत सुकून लवकर संपतो. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. हेअर ड्रायर अजिबात नको.

उत्तर 3: नव्या सेलचं नारिंगी स्टिकर काढल्यावर 3-5 मिनिटं थांबून मग दार लावा, भोकांतून हवा आत गेल्याशिवाय पूर्ण व्होल्टेज येत नाही. स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. आणि नळी पिवळी, कडक झाली असेल तर बदलून घ्या. कडक नळी साचा ओढते, फट पडते आणि शिट्टी वाजते.