मुलींच्या फुटबॉलला 'पाठिंबा' वाढलाय म्हणे. नाशिकमध्ये नक्की कुठे?

डावा विंग (धागाकर्ता)

गेल्या रविवारी सकाळी पंचवटीत एका मैदानावर मुलींची अंडर-१७ मॅच बघायला गेलो होतो. भाची खेळते म्हणून. थंडी मरणाची, गोदेवरून वारं येत होतं. प्रेक्षक मोजले, चौदा. त्यात मी, चार आया, दोन बाबा, एक चहावाला, आणि बाकीचे पुढच्या मॅचची वाट बघणारे क्रिकेटवाले. सेकंड हाफची दहा मिनिटं शिल्लक असताना ही मंडळी स्टंप घेऊन सरळ आत. "झालं का ताई?" प्रशिक्षक बाईंनी हात जोडले, मुलींनी दहाची पाच मिनिटं केली, मैदान रिकामं.

आता हेच क्रिकेटवाले २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री, भारतीय मुलींनी डी. वाय. पाटीलवर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप घेतला तेव्हा, आमच्या कॉलनीत फटाके लावत होते. तीन दिवस सगळ्यांच्या स्टेटसला वाघिणी. मीही लावलं होतं, खोटं कशाला बोलू.

पण त्याआधी ५ जुलैला चियांग माईत आपल्या फुटबॉल संघाने थायलंडला त्यांच्याच घरी २-१ ने हरवलं. संगीता बासफोरचे दोन्ही गोल. पात्रता फेरी जिंकून आशियाई कपला जायची ही आपली पहिलीच वेळ, स्पर्धा मार्च २०२६ ची, ऑस्ट्रेलियातली. मी ग्रुपवर टाकलं तर तीन अंगठे आले, त्यातला एक बायकोचा. एकाने विचारलं, "कुठली मॅच, भो?"

माझं म्हणणं एवढंच. पाठिंबा स्टेटसवर मोजू नका, मैदानाच्या वेळापत्रकात मोजा. मुलींना कुठला वार, कुठली वेळ, आणि ती वेळ कोण मोडतं? बोला.

सिन्नरफाटा

बोलतो. राग मानू नका.

क्रिकेटच्या मुलींना टाळ्या कुणी दया म्हणून दिल्या नाहीत. आमच्या सिन्नरची माया सोनवणे २०२२ च्या महिला टी-ट्वेंटी चॅलेंजमध्ये खेळली, तेव्हा तिची ती वाकडीतिकडी ॲक्शन बघायला गावातले पोरं टीव्हीसमोर बसले. का? बघण्यासारखं होतं म्हणून. आधी खेळ, मग गर्दी. तुम्ही उलटं मागताय.

फुटबॉलचं सांगू? २०२२ ला मुलींचा अंडर-१७ वर्ल्ड कप भारतातच झाला. यजमान म्हणून थेट प्रवेश. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. सोळा गोल खाल्ले, एकही केला नाही. त्या पोरींचा दोष नाही, पण मी रविवारची झोप मोडून बघायला का यावं हे कुणीतरी सांगा. आणि मुलांच्या मॅचला तरी कोण येतं नाशिकमध्ये? कोल्हापूर नाही हे. तिथे पेठापेठांत फुटबॉलसाठी डोकी फुटतात. आपल्याकडे मुलगा खेळला तरी चौदाच माणसं, मुलगी खेळली तरी चौदाच. समानता आहे की.

हाफटाइम

सिन्नरफाटा, "आधी खेळ, मग गर्दी" हे ऐकायला बरं वाटतं, पण घडलंय वेगळंच. इंग्लंडात प्रेस्टन गावच्या कारखान्यातल्या बायकांचा संघ होता, डिक, कर लेडीज. २६ डिसेंबर १९२० ला गुडिसन पार्कवर त्यांची मॅच बघायला ५३ हजार लोक आले. गर्दी होती, खेळही होता. मग ५ डिसेंबर १९२१ ला तिथल्या फुटबॉल असोसिएशनने ठरवलं की हा खेळ बायकांना शोभत नाही, आणि सदस्य क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. पन्नास वर्षं! ब्राझीलने तर १९४१ ला कायद्यानेच बंदी घातली, ती १९७९ ला उठली. पेले त्या देशात घडला, मार्तासारख्या महिला फुटबॉलपटूंची पिढी यायला मात्र वाट बघावी लागली.

२०२२ च्या एप्रिलमध्ये बार्सिलोना क्लबने आपलं मोठं मैदान मुलींना दिलं तर ९१,६४८ लोक आले. मैदान तेच, शहर तेच. आधी का नव्हते आले? दारच उघडलं नव्हतं.

सिन्नरफाटा

इंग्लंडचं पाप नाशिकच्या माथी कशाला? इथे कुणी बंदी घातली?

देवळालीचे आबा

बंदी कुणी घातली नाही हे खरं. कुणी विचारलंही नाही.

मी लष्कराच्या कॅम्पात वाढलो. तोफखान्याचे जवान संध्याकाळी फुटबॉल खेळायचे, आम्ही पोरं बाहेर गेलेला चेंडू आणून द्यायचो, त्या बदल्यात शेवटची दहा मिनिटं आम्हाला खेळायला मिळायची. माझी धाकटी बहीण माझ्यापेक्षा जोरात पळायची. ती कुंपणापाशी चपला सांभाळत उभी असे. सगळ्यांच्या चपला. चेंडू तिच्याकडे गेला की ती पायाने नाही, हाताने उचलून द्यायची, कारण पायाने मारला की आई ओरडायची. हे आठवलं म्हणून लिहिलं. तिला आता गुडघ्याचा त्रास आहे आणि तिची नात कराटे शिकते.

दुसरं एक. परवा नातवाने दाखवलं की १९७९-८० ला कालिकतला झालेल्या आशियाई फुटबॉल स्पर्धेत आपल्या मुली उपविजेत्या होत्या, १९८३ ला पुन्हा. मी आयुष्यभर पेपर वाचतोय. शेवटचं, खेळाचं पान आधी वाचतो. मला हे ७४ व्या वर्षी कळावं?

पेठरोडकर

वरच्या सगळ्यांशी माझं भांडण वेगळं आहे. प्रश्न मुलींचा नाही, फुटबॉलचा आहे.

नाशिक ही धावणाऱ्यांची जमीन. सावरपाड्याची कविता राऊत २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य घेते, त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडला रौप्य. मग संजीवनी जाधव, २०१७ ला भुवनेश्वरच्या आशियाई स्पर्धेत पाच हजारात कांस्य. पेठ, सुरगाणा, हरसूलच्या पोरी पाण्यासाठी डोंगर चढतात, त्यांना दम कुणी शिकवावा लागत नाही. त्यांना हवेत बूट, खुराक आणि राहायला जागा.

धावायला एकटी मुलगी पुरते. फुटबॉलला अकरा लागतात, समोर आणखी अकरा. अकरातल्या दोघींचं लग्न ठरलं, तिघींचे क्लास लागले की उरलेल्या सहा जणींचाही खेळ संपला. हातात दहा रुपये असतील तर मी ते जिथे पीक येतं तिथे पेरीन. कृत्रिम गवताच्या टर्फवर नाही.

हाफटाइम

म्हणजे आदिवासी पोरींनी पळायचं आणि शहरातल्यांनी बघायचं. झारखंड, मणिपूर, ओडिशाच्या पोरी डोंगर चढूनच फुटबॉलमध्ये आल्यात, साहेब.

पेठरोडकर

"साहेब" म्हणून टोमणा मारायची गरज नव्हती. मी त्याच भागातला आहे, हरसूलला बसने शाळेत गेलोय. मणिपूरमध्ये गल्लीगल्लीत क्लब आहेत. तिथल्या फुटबॉलपटू ओईनाम बेंबेम देवीला २०२० ला पद्मश्री मिळाली ती त्या क्लबांच्या जोरावर. आपल्या पेठ रोडला क्लब दाखवा, मी गप्प बसतो.

खडू आणि शिट्टी

शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. शाळेचं नाव विचारू नका. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते.

पेठरोडकर दादा, तुमचं अकराचं गणित बरोबर आहे, आणि मी फुटबॉल धरून ठेवलाय तो त्याच गणितासाठी. धावण्यात पहिली येणारी एकच. वर्गातल्या बाकीच्या मुली टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. फुटबॉलमध्ये मला सावकाश पळणारी पण जागा न सोडणारी मुलगी लागते. जाड म्हणून चिडवली जाणारी एक माझी गोलकीपर होती. दोन वर्षांत तिचा आवाज असा सुटला की आता बचावातल्या मुली तिला घाबरतात. ती मुलगी कुठल्याही ट्रॅकवर कुणाला दिसली नसती.

आता पाठिंब्याचं. पाठिंबा देणारे खूप आहेत हो. ८ मार्चला येतात. जर्सी देतात, समोर शाळेचं नाव छोटं, पाठीवर देणाऱ्याचं मोठं. फोटो होतो. साइज सगळ्या मुलांच्या, खांदे कोपरापर्यंत. दिलेले चेंडू तीन आठवड्यांत शिवणीवर उसवतात. एकदा पांढऱ्या शॉर्ट्स आल्या. मी त्या कपाटात ठेवल्या आणि घरून काळ्या आणायला सांगितल्या. का, ते सांगायला लागू नये. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघानेसुद्धा २०२३ मध्ये पांढऱ्या सोडून निळ्या घेतल्या, त्याच कारणासाठी. तिथेही आधी खेळाडूंनाच बोलावं लागलं.

मला काय लागतं सांगू? मैदानाजवळ आतून कडी लागणारं स्वच्छतागृह. स्पर्धेला जाताना परत आणून सोडणारी गाडी, कारण डिसेंबरात सहाला अंधार पडतो आणि फोन मला येतात. दिव्याखालची टर्फ आहेत शहरभर, पण संध्याकाळी सात ते अकरा कंपनीतली पोरं आधीच बुक करून बसलेली. आम्हाला दुपारी दोनचा स्लॉट स्वस्तात मिळतो. दुपारी दोनला शाळा असते!

आणि पालक. नववीपर्यंत "मॅडम, खेळू द्या, तब्येत सुधारते." दहावीला सवलतीचे गुण पदरात पडले की जूनमध्ये अर्धा संघ गायब. मी त्यांना दोष देत नाही. मी स्वतः माझ्या मुलीला अकरावीत क्लास लावलाय.

सातपूरचा बाप

मॅडम, मी त्या पालकांपैकीच. माझी मुलगी चार वर्षं खेळली. शालेय स्पर्धेत विभागापर्यंत गेली. मागच्या पावसाळ्यात वळताना पाय गवतात अडकला, गुडघ्यातून आवाज आला म्हणते. एमआरआय, लिगामेंट तुटलेलं, ऑपरेशन. स्पर्धा भरवणाऱ्यांकडे गेलो तर "फॉर्मवर पालकांची सही आहे ना" म्हणाले. सही माझीच होती. मी कंपनीत शिफ्टला. सोसायटीतून कर्ज काढलं.

डॉक्टर म्हणाले, ही दुखापत मुलींना मुलांपेक्षा जास्त होते, आधीपासून मांड्या-कंबरेचे व्यायाम करून घेतले तर धोका बराच कमी होतो. हे मला ऑपरेशननंतर कळलं.

आता ती पुन्हा खेळायचं म्हणते. मी नाही म्हटलंय. समजा खेळली, तर पुढे कुठे? देशातल्या महिला लीगमध्ये २०२४-२५ च्या मोसमात आठ संघ होते. कोलकात्याचे, केरळचा, ओडिशाचे, तामिळनाडूचा, बंगळुरूचा, दिल्लीचा. महाराष्ट्राचा एकही नाही. माझ्या पोरीने सातपूरहून कोलकात्याला जायचं? भारतीय संघातली मनीषा कल्याण सायप्रसला गेली, तिथून ग्रीसला गेली, चांगलंच आहे. अशा किती जणी? सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा आहेत, पण त्यासाठी लागणाऱ्या पातळीचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत गुडघा टिकायला हवा. मला पाठिंबा नको. माझ्या प्रश्नाचं उत्तर हवं.

सिन्नरफाटा

यावर "मुलींना उडू द्या" वगैरे लिहिणाऱ्यांनी कृपया लिहू नये. भाऊ, तुमचं पटलं.

डावा विंग

सातपूरकर दादा, उत्तर माझ्याकडे नाही. विमा स्पर्धेच्या फीमध्येच धरला पाहिजे आणि तो भरल्याशिवाय मॅच सुरू होऊ नये, एवढं मी ज्यांना भेटू शकतो त्यांना सांगणार आहे. तुमच्या मुलीचं त्याने काही भरून येत नाही, कळतंय मला.

सिन्नरफाटा, तुमच्या सोळा गोलांचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. २०२५ मध्ये मुलींचा थोरला संघ, अंडर-२० आणि अंडर-१७, तिन्ही संघ मैदानात जिंकून आशियाई कपला पात्र ठरले. आणि आपले पुरुष? त्याच वर्षी ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून हरून २०२७ च्या आशियाई कपमधून बाहेर. "बघण्यासारखं" हाच निकष असेल तर टीव्हीचा रिमोट तुम्हीच फिरवायला हवा.

सिन्नरफाटा

पुरुषांची बाजू मी घेतलीच कधी? तीही बघत नाही.

राइट-बॅक १७

दादा, काका, मॅडम, मी खेळते. रविवारच्या त्या मॅचमध्ये होते.

चौदा लोक होते ते बरंच होतं. मागे एकदा चाळीस होते. त्यातले पंधरा-वीस पोरं नुसती व्हिडिओ काढायला आली होती, आणि काय बोलत होती ते मी इथे लिहू शकत नाही. आम्ही थ्रो-इन घ्यायला त्या बाजूला जायचं टाळत होतो. एक मुलगी त्यानंतर आलीच नाही. म्हणून "प्रेक्षक वाढवा" वाचलं की मला पोटात कसंतरी होतं. आलात तर गोलच्या मागे उभे राहू नका, आणि कुणी काही बोललं तर तुम्ही बोला. आम्ही खेळत असतो, आम्हाला उलट बोलता येत नाही.

दुसरं, आम्हाला मॅचच मिळत नाहीत. वर्षभर कोनच्या मधून पळतो, आणि मॅच सहा किंवा सात. शालेय स्पर्धेत पहिलीच हरलो की वर्ष संपलं. मुलांचे ग्रुप दर शनिवारी खेळतात. ते आमच्यापेक्षा चांगले आहेत असं सगळे म्हणतात, पण ते आठवड्याला खेळतात आणि आम्ही दोन महिन्यांनी. हरलो तर पुढच्या रविवारी परत खेळता आलं पाहिजे.

पेठरोडकर

हे पहिलं बोलणं धाग्यावरचं, जे मला समजलं. शर्यतीतही असंच असतं, वर्षात दोनदाच धावली तर घड्याळ हलत नाही. माझं मत बदललेलं नाही, पण बाळा, किती संघ आहेत तुमच्यासारखे?

खडू आणि शिट्टी

नीट उभे राहतील असे चार. ओढूनताणून सहा. सात-सात जणींचं खेळवलं तर सहा नक्की, अर्ध्या मैदानात होतं. अकरा जमत नाहीत म्हणून वर्ष वाया घालवण्यापेक्षा बरं. पंच मात्र मिळत नाहीत, मुलींच्या मॅचला यायचे पैसे आधी विचारतात.

सिन्नरफाटा

मी विद्यापीठ स्तरावर खेळलोय. शिट्टी आहे घरात, पोटही आहे, पण अर्ध्या मैदानात निभेल. पैसे नकोत. ऑफसाइडवर वाद घालाल तर पिवळं कार्ड दाखवणार, मुलगी आहे म्हणून सोडणार नाही. आणि हा पाठिंबा नाही, हे लिहून ठेवा.

राइट-बॅक १७

सात-सातला ऑफसाइड नसतो ना सर?

सिन्नरफाटा

तो नियम आयोजकांनी ठरवायचा असतो. बघू.

डावा विंग

मैदानाचं मी बोलून आलो. रविवार मिळत नाही. शनिवारी सकाळी सात ते साडेआठ, एका बाजूचा अर्धा भाग. साडेआठला क्रिकेटवाले येणार.

सातपूरचा बाप

व्यायाम कोण करून घेणार, सुरू व्हायच्या आधी? फिजिओने लिहून दिलेला कागद आहे माझ्याकडे, मराठीत. पंधरा-वीस मिनिटं लागतात.

खडू आणि शिट्टी

मग पावणेसातला या दादा, कागद घेऊन. माझ्याकडे चेंडू दोनच आहेत. पंपाची सुई हरवली आहे, कुणीतरी आणा.