मदत हवी आहे: रीपरच्या पीक्स फाइली ऑडिओपासून वेगळ्या कशा ठेवायच्या?

पखवाजघर

नमस्कार मंडळी,

मी गावोगावच्या भजनी मंडळांचं थेट रेकॉर्डिंग करतो. पखवाजाला दोन माइक, पेटी, वीणा आणि बुवांना एकेक, झीलकऱ्यांना दोन आणि देवळाच्या सभामंडपाचा आवाज धरायला एक, असे आठ मोनो ट्रॅक. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. तासाला चार जीबीच्या वर जातं आणि भजन एका तासात कधी संपतं ते तुम्हाला माहीतच आहे.

रेकॉर्डिंग लॅपटॉपच्या एसएसडीवर होतं. घरी आलो की सगळं 4 टीबीच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवतो. अडचण अशी की रीपर (मी रेकॉर्डिंगला वापरतो ते सॉफ्टवेअर) प्रत्येक वेव्ह फाइलच्या, म्हणजे खऱ्या ऑडिओच्या, शेजारी त्याच नावाची, शेवटी .रीपीक्स लावलेली एक पीक्स फाइल करून ठेवतो. मिक्सिंग करणारा मित्र क्युबेस या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो, त्याला या फाइलींचा काडीचा उपयोग नाही. दर वेळी फोल्डर उघडला की त्याचा फोन, "अरे, यातलं खरं काय आणि फोलपट काय?"

जागा फार जात नाही, तक्रार ती नाहीच. पण बारक्या फाइलींची संख्या एवढी वाढलीय की क्लाउडवर चढवताना तेच रेंगाळतं. आणि नवी फाइल कुठली, जुनी कुठली हे नुसतं बघून कळत नाही.

1. या सगळ्या एका जागी नेता येतात का?
2. जुन्या सरळ उडवल्या तर प्रोजेक्टमधल्या कापाकापीला किंवा फेडना (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) धक्का लागेल का?
3. बॅकअपमध्ये घ्यायच्या की वगळायच्या?

---

खर्जातला सा

दुसऱ्याचं उत्तर आधी: बिनधास्त उडवा. रीपीक्समध्ये आवाज नसतो. ऑडिओच्या लहान लहान तुकड्यातला सर्वात वरचा आणि सर्वात खालचा बिंदू तेवढा लिहून ठेवलेला असतो, म्हणजे पडद्यावर लाट काढताना पूर्ण वेव्ह पुन्हा वाचावी लागत नाही. कापलेल्या जागा, फेड, व्हॉल्यूम सगळं आरपीपी फाइलीत, म्हणजे रीपरच्या प्रोजेक्ट फाइलीत असतं. पीक्स नसतील तर प्रोजेक्ट उघडल्यावर रीपर त्या पुन्हा बनवतो. फक्त उडवताना रीपर बंद ठेवा.

पहिल्याचं: प्रेफरन्सेस, जनरल, पाथ्स. तिथे सगळे पीक्स वेगळ्या ठिकाणी साठवायचा पर्याय आहे. एक फोल्डर दाखवून द्या, संपला विषय.

---

मिरजेचा तंबोरा

विषय संपत नाही हो. @खर्जातला सा यांनी सांगितलेला पर्याय एकाच मशीनवर बसून काम करणाऱ्यासाठी उत्तम आहे. माझी सॅम्पलची लायब्ररी मी तशीच ठेवलीय. पण पखवाजघर यांचं काम फिरतं आहे. पीक्स लॅपटॉपच्या सी ड्राइव्हवर राहतील आणि हार्ड डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की रीपर पुन्हा पहिल्यापासून बनवायला घेईल. दोन तासांचं भजन म्हणजे आठ जीबीच्या पुढे. फिरत्या तबकडीची डिस्क सेकंदाला 100 एमबीने वाचते असं धरलं तरी सव्वा ते दीड मिनिट नुसतं वाचण्यात जाणार, आणि आठ फाइली एकदम वाचताना ती तेवढा वेग देतही नाही.

तुमच्यासाठी दुसरी सोय बरी. नवे पीक्स ऑडिओच्याच फोल्डरमध्ये 'पीक्स' नावाच्या उपफोल्डरात टाकायचा पर्याय आहे. प्रेफरन्सेसच्या खिडकीत खाली शोधायची चौकट असते, तिथे पीक्स लिहा, सापडेल. प्रोजेक्ट हलला की उपफोल्डरही बरोबर हलतो. मित्राला पाठवताना तो एक उपफोल्डर वगळायचा, बस्स.

लक्षात ठेवा, हे नव्या पीक्सना लागू होतं. आधीच्या शेजारी पडलेल्या आपोआप आत जात नाहीत. म्हणून आधी पर्याय चालू करा, मग रीपर बंद करून जुन्या उडवा, मग प्रोजेक्ट उघडा. लाट दिसली नाही तर प्रश्नचिन्हाची कळ दाबून ॲक्शन लिस्ट उघडा आणि राहिलेले पीक्स बनवायची आज्ञा चालवा.

---

बीटमोड

इथे एक सावधगिरीचा बोर्ड लावतो, कारण धागा वाचून कोणीतरी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये झाडू घेऊन सुटेल.

एबल्टन लाइव्ह प्रत्येक ऑडिओशेजारी .एएसडी फाइल बनवतं. दिसायला तोच प्रकार. पण क्लिपवर हाताने बसवलेले वॉर्प मार्कर (ऑडिओ लयीशी जुळवायच्या खुणा) तुम्ही सेव्ह बटण दाबून त्या ऑडिओचे कायमचे म्हणून ठेवले असतील, तर ते त्याच एएसडीत असतात. फाइल गेली की तेही गेले. लाट परत येईल, पण तुमची मेहनत येणार नाही. ज्यांनी जुन्या रेकॉर्डिंगच्या हलत्या लयीवर एकेक मात्रा बसवली आहे, त्यांनी तर हातच लावू नये.

प्रो टूल्समध्ये सेशनच्या फोल्डरात वेव्हकॅश नावाची एकच फाइल असते, ती बिनधास्त जाऊ शकते. क्युबेसमधला इमेजेस फोल्डर लाटांच्या चित्रांचा, तो परत बनतो. पण त्याच्याच शेजारचा एडिट्स फोल्डर प्रक्रिया केलेल्या खऱ्या ऑडिओचा असतो! तुमच्या मित्राला हे एकदा विचारून घ्या, तो तिथे सफाई करत नाही ना.

---

पखवाजघर

सर्वांचे आभार. उपफोल्डरच करतो. रीपरच्या फाइल मेन्यूत 'क्लीन करंट प्रोजेक्ट डिरेक्टरी' दिसतंय. सगळी सफाई त्यानेच उरकली तर?

---

मिरजेचा तंबोरा

थांबा! ते पीक्ससाठी नाहीच. *उघड्या* प्रोजेक्टमध्ये न वापरलेल्या फाइली ते दाखवतं. एका फोल्डरात दोन प्रोजेक्ट असतील, समजा सकाळचं काकड्याचं आणि रात्रीचं हरिपाठाचं, तर एक उघडून ही आज्ञा चालवली की दुसऱ्याच्या वेव्ह बिनकामाच्या म्हणून यादीत येतात. एका प्रोजेक्टला एकच फोल्डर असेल तरच वापरा, आणि तेव्हाही रिसायकल बिनमध्ये पाठवायचा पर्याय निवडा.

पीक्ससाठी साधी विंडोजची शोधपेटी पुरे. मुख्य फोल्डरात *.रीपीक्स शोधा (सॉफ्टवेअरमध्ये अर्थात रोमन अक्षरांत), सगळ्या निवडा, डिलीट. मात्र निवडण्याआधी यादीत एकही नुसती .वेव्ह नाही हे डोळ्यांनी बघा. नावं एकसारखी असतात, शेवटच्या तुकड्याकडेच लक्ष हवं.

---

खर्जातला सा

बॅकअपचं राहिलंच. माझ्या मते वगळा. कॉपीसाठी फ्रीफाइलसिंक हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर फिल्टरमध्ये हेच *.रीपीक्स वगळायच्या रकान्यात टाका. रोबोकॉपीवाले (विंडोजची कॉपीची आज्ञा) असाल तर फाइली वगळायचा 'एक्सएफ' स्विच. बॅकअपमधून प्रोजेक्ट परत आणायची पाळी आली तर तेव्हा पीक्स बनायला दोन-चार मिनिटं गेली म्हणून कोणाचं अडत नाही.

एक मात्र आहे. रीपर पीक्सशी जुळवताना मूळ वेव्हची तारीख आणि आकार बघतो. कॉपी करताना तारीख बदलणारं एखादं साधन वापरलंत तर सोबत नेलेले पीक्सही तो नाकारून नवे बनवेल. डिस्क हलवल्यावर दर वेळी लाटा पुन्हा बनताना दिसल्या तर आधी तिकडे बघा.

---

पखवाजघर

हो, हे होतंय माझ्याकडे! प्रत्येक वेळी डिस्कवर नेलं की पुन्हा सुरू. मला वाटत होतं डिस्कच मरायला टेकलीय. कॉपीचं सॉफ्टवेअर बदलून बघतो आणि इथेच कळवतो.